कूलरच्या बोर्डावरचं बटन

मोठी उमरी, अकोला
बुधवार, ४ जानेवारी २०२३

प्रिय संध्याताई,

पाकीट पाहून घाबरू नको, घरी सगळे बरे आहेत. गुलफाम दुकानाचा माल आणाले अमरावतीले येऊन राहिला, त्याच्याच हाती हे देतो. तू म्हणशील, आख्ख्या अकोल्यात लोकायच्या घरी वायफाय बसवत फिरणारा माणूस बहिणीले कागद काहून लिहून राहिला. सांगतो. दोन दिवस झाले तू फोन करून राहिली अन् मी उचलला नाही, मेसेज पाहून गप्प बसलो. तू लिहिलं होतं की त्या वृद्धायच्या केंद्रात मायची जागा पक्की झाली, रविवारी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेव. लुगडी, गोळ्या, वॉकर, अन् तिची उशी विसरू नको, तिथल्या उश्या कडक असतात. ताई, मी काहीच बांधलं नाही. उशी तिच्या डोक्याखालीच आहे. आता शुद्धलेखन पाहत बसू नको. तू अमरावतीले नर्स होऊन शुद्ध बोलाले लागली, मी बोलतो तसंच लिहितो. पण शेवटपर्यंत वाच, मंग द्यायच्या तेवढ्या शिव्या दे.

सुरुवात दसऱ्यापासून करा लागते, कारण घोळ मी तवाच घातला. त्याआधी आपल्या घरात एकच राउटर होता, मायच्या खोलीत. गल्लीतली वायर तिच्याच खिडकीतून आत येते, म्हणून तो तिथं. खाली मायची खोली, बैठक अन् सैपाकघर, वरती दोन खोल्या, मधात जाड स्लॅब. स्लॅबच्या वर सिग्नल म्हणजे वैशाखात मोर्णा नदीले पाणी. त्यामुळं थोरलीचा डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास मायच्या पायथ्याशी चाले, धाकटा तिच्या उशाशी मोबाइल घेऊन लोळे, अन् तुही वहिनी दहावीच्या पोरायले ऑनलाइन शिकवे तेही तिथंच, भिंतीकडं तोंड करून. माय पलंगावरून सारं ऐके. थोरलीच्या मास्तरले म्हणे, हा बाप्पा लई घाई करते, याच्या मागं गाडी लागली का. वहिनीच्या शिकवणीत मधातच बोले, तिकडची पोरं हसत, वहिनी डोळे वटारे. उन्हाळ्यात तं घरातला एकुलता एक कूलरही त्याच खोलीत, सारे गाद्या टाकून तिथंच झोपत. एका राउटरवर इतके जण पडले की सगळंच अडके. तू संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला की मायचं तोंड अर्धं दिसे अन् आवाज मागून येई. तू वैतागे, म्हणे हे काही खरं नाही, रविवारी येतेच मी. अन् खरंच येई.

मले याची लाज वाटे. हॉटेलायत, कोचिंग क्लासायत, दवाखान्यायत छताले अॅक्सेस पॉइंट लावणारा मी, अन् माह्याच घरी ही गत. दिव्याखाली अंधार. तू पाहुण्यायसमोर टोमणाही मारला होता, तो मले झोंबला. मंग दसऱ्याच्या सुट्टीत गुलफामले बोलावलं, दुकानातला भागीदार हक्काचा, अन् दोघांनी मिळून कामच काढलं. मायच्या खिडकीपाशी सगळ्या वायरी जमतात तो मुख्य डबा ठेवला. तिथून भिंतीच्या कडेनं पाइप, पाइपातून केबल, अन् बैठकीच्या अन् वरच्या दोन्ही खोल्यायच्या छताले एकेक पांढरी थाळी, वायफाय फेकणारी. त्या एकाच केबलीतून लाइटही जाते अन् नेटही, थाळीले वेगळा प्लग लागत नाही. छतावर असल्यामुळं आडवं काही येत नाही, सिग्नल पंख्याच्या वाऱ्यासारखा खाली पडते. कोणत्याही खोलीत बसा, कॉल तुटत नाही. माय पलंगावरून पाहत होती. तिनं विचारलं, माह्या खोलीत नाही लावत का रे थाळी. मी म्हटलं, तुले काय करायची, तू कुठं नेट पाहते, ताईशी बोलायच्या तुह्या टॅबले जुना राउटर पुष्कळ झाला. हे बोललो तवा मले काही वाटलं नाही, आता लिहिताना वाटून राहिलं.

अन् त्याच दिवशी एक आळस केला. मुख्य डब्याले प्लग पाहिजे होता. कूलरचा हंगाम संपलेला, त्याचा बोर्ड मोकळा, मायच्या पलंगाले लागूनच. गुलफाम म्हणत होता की वेगळी लाइन ओढू, बटन हाताखाली नको. मी म्हटलं, राहू दे, उन्हाळा येईस्तोवर करू, घरचंच काम आहे. डबा कूलरच्या मागं सरकवला, म्हणजे दिसणार नाही. परक्याच्या घरी कोणी असं केलं असतं तं मी त्याले उभा सोलला असता. वरून मायले बजावून सांगितलं की या बटनाले हात लावू नको, नाहीतं आख्ख्या घराचं नेट जाईल. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून घरात शांतता झाली. वहिनी वर शिकवाले लागली, थोरलीनं दार लावून अभ्यास सुरू केला, धाकटा वरच्या खोलीत मोबाइल घेऊन पडू लागला. मले लई अभिमान वाटे. येणाऱ्या-जाणाऱ्याले जिना चढवून नेऊन दाखवे की पाहा, कोपऱ्यातही फुल्ल आहे. मायच्या खोलीत आता फक्त जेवणाचं ताट जाई अन् गोळी जाई. तुहा कॉलही साफ दिसाले लागला. तू म्हणाली होती ना, मायच्या हातावरचं गोंदणसुद्धा दिसून राहिलं, आता धावत यायची गरज नाही. त्यानंतर तू आली नाही. तुले दोष देत नाही, तुही ड्युटी मले माहीत आहे. मी तं त्याच घरात राहून खोलीत जात नव्हतो.

तुले आठवते का, माय गावी काय होती? दर्यापुराकडच्या त्या काळ्या वावरात निंदणाले बाया घेऊन जाये, अन् या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांध ते बांध, कोण काय कुजबुजते ते तिले कळे. बोंडअळीनं सारं गिळलं त्या साली बाबा गेले, मंग दोन-तीन हंगाम तिनं एकटीनं काढले. शेवटी वावर ठोक्यानं दुसऱ्याले कसायले देऊन मी तिले इकडं आणलं. ती यायले तयार नव्हती. म्हणे, तिथं मी कोणाशी बोलू. मी म्हटलं, नातवंडं आहेत ना. मंग अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं अन् पलंगच झाला तिचं गाव.

दिवाळीनंतर आपल्या दोघायचं बोलणं सुरू झालं. खोटं कशाले बोलू, सुरुवात मीच केली. म्हटलं, वहिनी थकते, अंघोळ घालणं, उठवणं, बसवणं तिच्यानं होत नाही, मले दुकान सोडता येत नाही. तू म्हणाली, माहं घर दुसऱ्या माळ्यावर, ड्युटी रात्रीची. मंग तूच त्या केंद्राचं नाव काढलं, चांगलं आहे, नर्स आहे, माह्या हॉस्पिटलापासून जवळ आहे. हे सारं मी जेवणं झाल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून बोले, मायच्या दारासमोर. वरती थोरली अभ्यास करे, बैठकीत टीव्ही, म्हणून जिना. तिले आता कमी ऐकू येते असं आपण धरूनच चाललो होतो, कारण हाक मारली तं ती ओ देत नव्हती. मी मोकळ्या आवाजात बोले.

अन् नेमकं तवाच नेट जाये. तुहं तोंड थिजे, मंग सारंच बंद. मी उठून खोलीत जाये, कूलर सरकवून पाहे, तं डब्याचे दिवे नुकतेच लुकलुकाले लागलेले, म्हणजे डबा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालेला. माय डोळे मिटून पडलेली. नेट परत येईस्तोवर तू ड्युटीवर निघून जाये. माह्यातला कारागीर जागा झाला. मी हिशोब लावला की व्हिडिओ कॉलच्या वेळी जोर पडते, डब्याले तीन थाळ्यायचा भार झेपत नाही. अॅडॉप्टर बदलला. नेट गेलंच. मोठा डबा आणून लावला. तरी गेलं. पोरीचा क्लास तासन् तास चाले तवा काही होत नाही अन् आपला कॉल लागला की होते, हे मले दिसत होतं, पण त्याचा अर्थ मी वायरीत शोधत होतो. तू तिकडून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. ते मले लागलं, अन् मी ते सारं गुलफामवर काढलं. दुकानात, गिऱ्हाइकायसमोर म्हटलं की तुह्या जोडण्या ढिल्या आहेत, तुले काम येत नाही. तो बिचारा जुम्म्याची नमाज पढून थेट घरी आला, घरातली एकूण एक जोडणी कापून नव्यानं केली. चोर सोडून संन्याशाले फाशी, दुसरं काय.

आता ते सांगतो ज्यानं आपलं ठरलं. वहिनीनं डिसेंबरात दोनदा पाहिलं की माय संध्याकाळी पलंगावर अर्धी उठून काठीनं कूलरचं बटन दाबून राहिली. बाहेर हे एवढी थंडी, अंगावर गोधडी, अन् माय कूलर लावते. वहिनीनं विचारलं तं मायनं तोंड फिरवून घेतलं. वहिनीनं मले सांगितलं, मी तुले सांगितलं. तू लगेच म्हणाली की हे लक्षण चांगलं नाही, असं आमच्या वॉर्डात पाहते मी, ऋतूचं भान जाते, मंग माणसाचं जाते. मीही म्हटलं, होय, मायची अक्कल जाऊन राहिली. मी हेच शब्द वापरले होते, तुले आठवत असतील. त्याच कॉलात तू म्हणाली की मंग आता उशीर नको, अन् मी हो म्हटलं. अन् हो म्हटल्यावर नेट गेलं, हेही तुले आठवत असेल. इतकं सगळं समोर होतं, ताई. वायफायवाला मी, माह्याच हातानं त्या बोर्डात डब्याचा प्लग खोचला होता, अन् माय कूलरचं बटन दाबते म्हटल्यावर माह्या डोक्यात कूलरच आला. काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात, तो मी घातला, अन् घालता घालता मायले येडी ठरवून बसलो.

परवा सोमवारी तुले कॉल लावला, पायरीवर बसलो, तं चष्मा मायच्या खोलीत राहिलेला. तू ज्या केंद्राचे फोटो पाठवले होते ते चष्म्याबिगर दिसत नव्हते. मोबाइल पायरीवर ठेवला अन् चपलीचा आवाज न करता आत गेलो, म्हटलं झोपली असेल. ती झोपली नव्हती. कोपरावर उठून बसली होती, काठी बोर्डाकडं नेली होती, अन् नेम धरून तिनं बरोबर त्याच बटनावर टोक टेकवलं. बाजूलेच पंख्याचं बटन होतं, लाइटचं होतं, त्याले धक्का लागला नाही. बटन पडलं. मंग ती काठी तशीच धरून दाराकडं कान देऊन बसली. जिन्यावर मोबाइलातून तुहा आवाज येत होता, तो तुटला. तवा तिनं पुन्हा बटन लावलं, काठी पलंगाले टेकवली अन् डोळे मिटले. मी दारातच उभा होतो, तिनं मले पाहिलं नाही. मी चष्मा न घेताच मागं फिरलो. तुहा फोन वाजत राहिला अन् मले तो उचलता आला नाही.

त्या दिवशी मले वाटलं की मले सारं समजलं. एकटी पडली, दुसरं काय. आपण खोली रिकामी केली, म्हणून ती नेट घालवते, नेट गेलं की पोरं ओरडत खाली येतात, मी येतो, घटकाभर माणसं दिसतात. मले लई वाईट वाटलं. मी तुह्या वहिनीले सांगितलं, ती पदर तोंडाले लावून सैपाकघरात जाऊन बसली. काल सकाळी आधी गुलफामच्या घरी गेलो. त्याच्या मायसमोर, आयशाबीसमोर, हात जोडून म्हटलं की जोडण्या चांगल्या होत्या, माणूसच चुकला. तो हसला, म्हणाला, चाय पी. आयशाबी मात्र हसली नाही. तिनं विचारलं की तुह्या मायशी, मनकर्णाबाईशी बोलला का, अन् मी नाही म्हटल्यावर म्हणाली, तं इथं काहून बसला.

म्हणून घरी येऊन मायच्या पायथ्याशी बसलो अन् विचारलंच. ती घाबरली नाही, रडलीही नाही, थेट माह्याकडं पाहून बोलली. म्हणाली, पोरीच्या क्लासाले म्या कधी हात लावला का बटनाले? सुनेच्या शिकवणीले लावला का? तुमी दोघं माह्यावर बोलाले बसता, तवाच लावतो. जिन्यातलं सारं ऐकू येते मले. हाकेले ओ देत नाही, कारण हाक मारून कोणी आत येत नाही, गोळी घेतली का एवढंच इचारते. तू म्हणे अक्कल गेली, ती म्हणे जागा मिळाली. बटन दाबलं की तुमचं बोलणं तुटे. मंग मले वाटे, चला, आज तं काही ठरलं नाही. ताई, माय दोन महिने रोज एक दिवस मिळवत होती, अन् तिच्या त्याच बटनाले आपण तिले घराबाहेर काढायचा पुरावा केला. मी पायले हात लावाले गेलो तं तिनं पाय ओढून घेतले. म्हणाली, ते राहू दे, आदी संध्याले लिही. फोनवर नको, फोनवर तुमी मले सोडून बोलता. माह्यावर जे बोलायचं ते माह्यासमोर, अन् लिहायचं ते मले वाचून दाखवून. म्हणून हा कागद. कालपासून तिच्या पलंगापाशी बसून लिहून राहिलो, एकेक पान झालं की तिले वाचून दाखवून राहिलो. अक्कल गेली ते वाक्य आलं तवा मी कागद खाली ठेवला. ती म्हणाली, वाच, मले ते नवीन नाही. तू रविवारी ये, पण गाडी घेऊन येऊ नको अन् तिथं कोणाले हो म्हणू नको. जायचं का राहायचं, ते माय तुह्या तोंडावर सांगणार आहे. मी दोनदा विचारलं, मले तिनं अजून सांगितलं नाही.

तुहाच भाऊ,
देवमन